मसाल्यांचा खण
मसाल्याच्या बाटल्या गॅसच्या वरच्या फळीवर मांडल्या की छान दिसतात, पण ते मसाल्याच्या मुळावर येते. उष्णतेने वास उडतो, उजेडाने हळद फिकी पडते, वाफेने तिखटाच्या गुठळ्या होतात. तेव्हा शेगडीपासून लांबचा, अंधारा ड्रॉवर हीच त्यांची जागा. त्यात विकतचा ट्रे बसवण्यापेक्षा उरल्यासुरल्या लाकडाच्या पट्ट्या बऱ्या, कारण तो ट्रे भलत्याच कुणाच्या ड्रॉवरच्या मापाने बेतलेला असतो. बाटलीच्या जाडीएवढे अंतर सोडून पट्ट्या ठोकाव्यात, तळाला जरा उतार द्यावा. आडव्या बाटल्यांवरची नावे वरूनच वाचता येतात. लाकूड वास धरते, हा आक्षेप खरा. पण मसाला घट्ट झाकणाच्या बाटलीत असतो, लाकडावर नव्हे. (भुशाचा बोर्ड मात्र नकोच, ओल लागली की फुगतो.) खरी चौकशी लाकूड आले कुठून याची करावी. परदेशी मालाच्या पॅलेटवर ‘एचटी’ छाप असेल तर त्यातली कीड उष्णतेने मारलेली असते; ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते लाकूड स्वयंपाकघरात आणूच नये. मग मिसळणाचा डबा मोडीत काढायचा का? छे! रोजच्या फोडणीला तोच हवा. ड्रॉवर हवा तो दगडफूल, जायपत्री, नागकेशर या क्वचित लागणाऱ्या मंडळींसाठी.