धमकी आली तर
१९९४ साली जळगावचे वासनाकांड उघडकीस आले तेव्हा मोबाइल नव्हते, तरी फोटोंच्या धाकावर मुलींना गप्प ठेवले गेले. तोच धाक आता व्हॉट्सॲपवरून येतो. म्हणून जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत पासवर्डच्याही आधी हे शिकवा : पोरी, धमकी आली तर पैसे देऊ नकोस, चॅट पुसू नकोस, स्क्रीनशॉट ठेव. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांविषयीच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगताही करता येते. शरीराच्या खासगी भागांचे फोटो संमतीशिवाय काढले वा पसरवले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि आईबापांनो, लेक सांगायला आलीच तर आधी तिचा मोबाइल काढून घेऊ नका. कित्येक मुली याच भीतीने घरी काही बोलत नाहीत.