प्राणायामाची मात्रा कोण लिहिणार?

तमक श्वासाच्या रुग्णास सितोपलादी चूर्ण देताना आपण मात्रा लिहितो, काल लिहितो, मध की तूप हे अनुपानही लिहितो. कनकासव देताना त्यातील धोतऱ्याचे भान ठेवून अधिकच दक्ष राहतो. मात्र त्याच चिठ्ठीच्या तळाशी 'प्राणायाम करावा' एवढे दोन शब्द लिहून आपण मोकळे होतो. कोणता, किती, कोणत्या अवस्थेत, आणि केव्हा करू नये, याविषयी त्यात अवाक्षर नसते. अशी चिठ्ठी आम्हीही वर्षानुवर्षे लिहिली आहे. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

आमच्या एका जुन्या रुग्णाची हकिकत येथे सांगणे प्राप्त आहे. हे गृहस्थ पेशाने शिक्षक. आमच्या चिठ्ठीवरील ते दोन शब्द प्रमाण मानून ते एका शिबिरात दाखल झाले. तेथे त्यांना कपालभाती शिकविण्यात आली आणि "आता पंपाची गरज नाही" असेही सांगण्यात आले. आषाढातील एका कुंद सकाळी ते आमच्याकडे आले, तेव्हा एक वाक्य सलग बोलणेही त्यांना जमत नव्हते. त्यांना तातडीने रुग्णालयात धाडले व ते वाचले. शिबिरचालकास दोष देणे सोपे होते. परंतु आपण रोज कोणता पंप घेता, किती वेळा घेता, हे आम्ही तरी त्यांना कधी विचारले होते?

२०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून साजरा होतो व त्या सुमारास आपल्यापैकी अनेकजण शिबिरे भरवितात. उपक्रम स्तुत्यच आहे. परंतु आपल्याकडे हा काळ मृग सरून आर्द्रा लागण्याचा. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात तमक श्वास वाढविणारी जी कारणे सांगितली, त्यांत ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांची गणना आहे. म्हणजे ज्या दिवसांत रुग्णाचे प्राणवह स्रोतस क्षुब्ध असण्याचा संभव अधिक, नेमके त्याच दिवसांत आपण त्याला सतरंजीवर बसवून पहिल्याच सकाळी झटके मारावयास लावतो.

कपालभाती हा मुळात प्राणायाम नव्हे, ते षट्कर्मांपैकी एक कर्म आहे. हठप्रदीपिकेच्या दुसऱ्या उपदेशात ही कर्मे मेद व कफ अधिक असलेल्यांसाठी सांगितली असून इतरांनी ती करू नयेत असेही बजावले आहे. त्याच उपदेशात अयोग्य रीतीने केलेल्या प्राणायामापासून उद्भवणाऱ्या व्याधी दिल्या आहेत, आणि त्या यादीत हिक्का, श्वास व कास ही नावे अग्रभागी आहेत! आधुनिक शरीरक्रियाशास्त्राची साक्षही याच बाजूची आहे. जलद श्वसनाने श्वासनलिका थंड व कोरड्या पडतात आणि दम्याच्या रुग्णात त्या आकुंचन पावू शकतात.

याचा अर्थ श्वसनाभ्यास निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. १९८५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नागरत्ना व नागेंद्र यांनी ५३ रुग्णांना योगाभ्यास देऊन तेवढ्याच तुल्य रुग्णांशी तुलना केली व लाभ नोंदविला. १९९० साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉटिंगहॅम येथील अभ्यासात सौम्य दम्याच्या १८ रुग्णांकडून एका उपकरणाच्या साहाय्याने सावकाश, पूरकाच्या दुप्पट रेचक असे श्वसन करविले गेले. त्यांच्या श्वासनलिकांची हिस्टामीनविषयीची अतिसंवेदनशीलता घटली. तथापि २००३ साली थोरॅक्समध्ये आलेल्या ९० रुग्णांच्या अभ्यासात त्याच उपकरणाने असा लाभ दिसला नाही, हेही लपविण्याचे कारण नाही. २०१६ च्या कॉक्रेन समीक्षेने १५ चाचण्या व १,०४८ रुग्ण विचारात घेतले. जीवनमान व लक्षणे यांत अल्प सुधारणा संभवते, फुप्फुसाच्या कार्यक्षमतेविषयी मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत, असे तिचे मत आहे. अल्प सुधारणा ही क्षुद्र गोष्ट नव्हे. रात्री उठून बसावे लागणाऱ्या रुग्णास तिचे मोल विचारावे.

पंप चालू ठेवण्यास सांगितले तर आपल्या शास्त्राचा कमीपणा होतो, असे काही वैद्यबंधूंना वाटते. हा आक्षेप आम्हांस पटत नाही. तमक श्वास याप्य आहे, नवा असेल तरच साध्य, असे खुद्द चरकाचार्यांनी म्हटले आहे. मग मुळापासून निर्दाळण्याची ग्वाही आपण कोणत्या आधारावर देतो? पंपाची सवय लागते ही समजूतही आपणच दूर केली पाहिजे. दाह शमविणारा प्रतिबंधक पंप सोडल्याने रोग सुटत नाही, तो केवळ आड दबा धरून बसतो.

येथे औषधविक्रेत्या बंधूंचे साहाय्य अमोल ठरेल. केवळ तात्काळ आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉलवर विसंबण्यास दम्याच्या जागतिक मार्गदर्शनाने २०१९ पासून स्पष्ट विरोध केला आहे. वर्षाकाठी असे तीन किंवा अधिक पंप संपविणाऱ्यास तीव्र वेगाचा धोका वाढतो, बारा संपविणाऱ्यास मृत्यूचा. ही गोष्ट वैद्यास कळण्याआधी गल्ल्यावर कळते. एकच गिऱ्हाईक दरमहा तोच पंप नेऊ लागले, तर त्याला चिकित्सकाकडे पाठविणे हे दुकानदारीच्या पलीकडचे काम आहे. तसेच नाव-घटक नसलेली 'दम्याची पुडी' दुकानात ठेवू नये. तिच्यात स्टेरॉइड नाही याची हमी कोण देणार?

त्या शिक्षकांना आम्ही पुढे जी चिठ्ठी दिली, ती अशी. प्रतिबंधक पंप पूर्ववत चालू, त्यात बदल फुप्फुसतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच. प्रथम छातीस व पाठीस सैंधवयुक्त तिळतेल लावून सौम्य स्वेदन. श्वासाच्या चिकित्सेचा आरंभ स्नेह-स्वेदाने करावा हा ग्रंथोक्त क्रम आहे, आणि कफ सुटण्यापूर्वी श्वासावर जोर देण्यात अर्थ नाही. त्यानंतर रिकाम्या पोटी, ताठ बसून, नाकाने सावकाश पूरक व त्याच्या सुमारे दुप्पट रेचक, पाच मिनिटे. कुंभक नाही. भस्त्रिका व कपालभाती नाही. नाक चोंदलेले असल्यास अनुलोम-विलोम नाही. दोन आठवडे त्रास नसेल तर दहा मिनिटे व शेवटी भ्रामरीची पाच आवर्तने. घुरघुर, खोकल्याची उबळ किंवा छाती आवळल्यासारखे वाटताच अभ्यास थांबवून आराम देणारा पंप घ्यावा; उतार न पडल्यास रुग्णालय गाठावे, आमची वाट पाहू नये.

चिठ्ठीस पाठपोट कागद लागला. बाहेर रांगेतील रुग्ण थोडे कुरकुरले.