अंतर्गळाची जाळी : किंमत पाहावी की गुण?

शस्त्रक्रियेच्या जाहिरातींत हल्ली 'दुर्बीण', 'लेझर', 'रोबोट' हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. त्यामुळे नवे संशोधन म्हणजे नवे यंत्र, आणि नवे यंत्र म्हणजे मोठे बिल, असा समज पक्का झाला आहे. धायरी-नऱ्हे भागातील हमाल, गवंडी, कारखान्यातले कामगार अंतर्गळ घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न 'खर्च किती?' हाच असतो. उत्तर ऐकण्याआधीच काही जण कमरेचा पट्टा विकत घेऊन मोकळे होतात. म्हणून आज अंतर्गळाविषयी, म्हणजे हर्नियाविषयी, लिहीत आहे.

पोटाच्या भिंतीत कमकुवत जागा निर्माण होऊन आतडे किंवा चरबी बाहेर डोकावू लागली, की त्याला अंतर्गळ म्हणतात. जांघेत फुगवटा दिसतो, खोकल्यावर वाढतो, आडवे पडले की बहुधा आत जातो. पट्ट्याने तो दाबून धरता येतो, बरा होत नाही. चूर्ण, लेप, व्यायाम यांनीही भिंतीतील भोक बुजत नाही. उपाय शस्त्रक्रियेचाच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील बासिनी यांनी जांघेतील अंतर्गळ शिवून बंद करण्याची पद्धत रूढ केली. शिवणीवर ताण येई व काही रुग्णांत अंतर्गळ पुन्हा उद्भवे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील लिक्टेनस्टाइन यांनी ताण न देता त्या जागी कृत्रिम धाग्यांची जाळी बसवण्याची पद्धत पुढे आणली. पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटले आणि ही पद्धत जगभर मान्य झाली. अडचण एकच, परदेशी जाळीची किंमत.

या अडचणीवर उत्तर शोधले ते आपल्याच महाराष्ट्रात. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील ग्रामीण सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीच्या कापडाचा विचार केला. ते कापडही जाळीसारख्याच कृत्रिम धाग्यांचे असते. त्याचे तुकडे निर्जंतुक करून त्यांनी ते अंतर्गळासाठी वापरले. देशातील इतर सर्जनांसह ३५९ अंतर्गळांचा अनुभव त्यांनी २००३ साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'मध्ये प्रसिद्ध केला.

'गरिबाला मच्छरदाणी आणि श्रीमंताला जाळी' असे कोणी म्हणेल. म्हणूनच पुढचे संशोधन महत्त्वाचे. स्वीडन व युगांडाच्या डॉक्टरांनी युगांडात ३०२ पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला महागडी जाळी, दुसऱ्याला निर्जंतुक केलेली मच्छरदाणीची जाळी. निष्कर्ष २०१६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाला अंतर्गळ पुन्हा झाला, महागड्या गटात एकालाही नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या तक्रारी दोन्हीकडे जवळपास सारख्याच होत्या. अर्थात, कोणी बाजारातून मच्छरदाणी आणून सर्जनच्या हाती देऊ नये! जाळी कोणत्या धाग्याची, ती किती उष्णतेवर निर्जंतुक करायची, हे सारे ठरलेले शास्त्र आहे.

दुसरे उदाहरण तर आपल्या पुण्याचे आहे. डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीच टाळली. रुग्णाच्याच पोटावरील मजबूत पडद्याची एक पट्टी मूळ जागेपासून न तोडता कमकुवत भागावर शिवायची, ही त्यांची पद्धत २००१ साली युरोपातील नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पोलंडमधील डॉक्टरांनी ती २०८ रुग्णांमध्ये जाळीच्या पद्धतीशी ताडून पाहिली. तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत दोन-दोन रुग्णांनाच अंतर्गळ पुन्हा झाला होता. तरीही २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पहिली पसंती जाळीलाच आहे, हेही सांगितले पाहिजे.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया वाईट का? मुळीच नाही. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि भारतात या शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. अंतर्गळातही दुर्बिणीने वेदना कमी होतात, माणूस कामावर लवकर जातो. पण त्यासाठी सहसा पूर्ण भूल लागते आणि सर्जनचा हात त्यात बसलेला असावा लागतो. जांघेची साधी शस्त्रक्रिया मात्र जागेपुरती भूल देऊनही होऊ शकते. वृद्धांना आणि हृदयरोग्यांना ही मोठीच सोय आहे.

घाई किती करावी, यावरही संशोधन आहे. अमेरिकेत फारसा त्रास नसलेल्या पुरुषांवर अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली थांबलेल्यांत अंतर्गळ अचानक अडकण्याचे प्रमाण वर्षाला हजारात दोनहूनही कमी होते. मात्र दहा वर्षांत त्यांतील सुमारे दोन तृतीयांश जणांनी अखेर शस्त्रक्रिया करून घेतली, बहुतेकांनी दुखण्यामुळेच. म्हणजे घाबरून धावपळ नको, पण रोज ओझे उचलणाऱ्याने दुखणे अंगावर काढू नये. स्त्रियांनी तर थांबूच नये. त्यांच्यात अडकण्याचा धोका जास्त असलेला प्रकार अधिक आढळतो. फुगवटा कडक झाला, आत जाईना, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर प्राणावर बेतते.

माझे मत स्पष्ट आहे. शस्त्रक्रियेची थोरवी यंत्राच्या किमतीवर ठरवू नये, रुग्णाच्या निकालावर ठरवावी. सर्जनना निःसंकोच विचारा : अशा शस्त्रक्रिया आपण किती करता? किती जणांना पुन्हा त्रास झाला? जखम किती जणांची चिघळली? जांघेत कायमचे दुखणे राहण्याची शक्यता किती? कामावर कधी जाता येईल? दुसरी, कमी खर्चाची पद्धत मला चालेल का? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपले काम बसते का, हे आरोग्यमित्राला विचारा. धूम्रपान करत असाल तर शस्त्रक्रियेआधी सोडा, जुना खोकला व बद्धकोष्ठता यांवर आधी उपचार घ्या. यासाठी फारसा खर्च येत नाही, आणि गुण येण्यात यांचा वाटा मोठा असतो.