उंदीर : उपमा की रूपक?

उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि साम्यवाचक शब्द हे उपमेचे चार घटक आपण वर्गात शिकतो, शिकवतो. साम्यवाचक शब्द गाळून उपमेय-उपमानांत अभेद मानला, की रूपक सिद्ध होते. काव्याला ते भूषणावह असते. वैद्यकात मात्र त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते, असे आमचे मत आहे.

संसर्गाला तोंड देताना शरीराचा प्रतिसादच बेताल होतो, त्या सेप्सिसचा अभ्यास प्रामुख्याने उंदरांवर झाला आहे. उंदराच्या आतड्याचा एक भाग बांधून त्याला सुईने भोक पाडतात. आतले जिवाणू पोटात आणि तेथून रक्तात जातात. येथे उंदीर उपमान, रुग्ण उपमेय. पण हे उपमान बहुधा तरुण, धडधाकट आणि रोगजंतूमुक्त पिंजऱ्यात वाढलेले. उपमेय पुष्कळदा वृद्ध आणि आधीच व्याधिग्रस्त. प्राण्यांना तारणाऱ्या टीएनएफ-विरोधी प्रतिपिंडांनी १९९०च्या दशकात रुग्णांच्या चाचण्यांत निराशा केली, ती या पार्श्वभूमीवर.

२०१३ साली अमेरिकेतील संशोधकांनी जखमा, भाजणे आणि जिवाणूंचे अंतर्विष यांना माणूस व उंदीर यांची जनुके कसा प्रतिसाद देतात, हे ताडून पाहिले आणि साम्य नगण्य ठरवले. २०१४ साली ताकाओ आणि मियाकावा या जपानी संशोधकांनी तीच आकडेवारी घेतली, दोन्ही प्रजातींत लक्षणीय बदललेली जनुकेच निवडली आणि साम्य भरपूर असल्याचे सांगितले. एकाच संहितेची ही दोन वाचने! साधारणधर्म कोणता मानायचा, यावरच निष्कर्ष अवलंबून राहिला.

म्हणून प्राण्यांवरील प्रयोग सरसकट निरर्थक ठरतात, असे आम्ही म्हणत नाही. २०१६ साली प्रयोगशाळेतील उंदीर दुकानातून आणलेल्या उंदरांसोबत ठेवले, तेव्हा त्यांची प्रतिकारयंत्रणा प्रौढ माणसाच्या अधिक जवळ गेली आणि लिस्टेरिया या जिवाणूशी ते अधिक चांगले झुंजले. उपमान सुधारता येते, ते असे.

ज्या जिवाचा बळी द्यायचा, तो कोणत्या साधारणधर्मासाठी, हे प्रयोगाआधी स्पष्ट सांगणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे. आपले कर्तव्य वाचकाचे. 'सेप्सिसवर औषध सापडले' अशा मथळ्यातून 'उंदरांमध्ये' हा एक शब्द गळलेला असतो. साम्यवाचक शब्द कुठे गळला, हे ओळखायला साहित्याच्या विद्यार्थ्याने नाही शिकायचे, तर कोणी?