किती देते?

नवी मोटारसायकल दारात उभी राहिली, तिला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले, पेढे वाटून झाले, की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो एकच: "किती देते?" बसायला कशी आहे, ब्रेक कसे लागतात, रात्री दिवा पुरतो का, हे प्रश्न मागाहून, पुष्कळदा येतच नाहीत. शेजारी विचारतो, मामा विचारतो, दूधवाला विचारतो. दिवाळसणाला आलेला जावई तर गाडीविषयी विचारून झाल्यावर सासऱ्याविषयीही मनातल्या मनात हाच प्रश्न करीत असतो! आणि उत्तरही ठरलेले असते. मालक गंभीरपणे म्हणतो, "साठ देते." झाले, सभा विसर्जित!

वाचकहो, प्रश्नाविषयी माझी तक्रार नाही. पेट्रोलने २०२१ साली पुण्यात शंभरी ओलांडली. तेव्हा ज्याला महिन्याच्या पगारात घर चालवायचे आहे त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माझी तक्रार आहे ती त्या उत्तराविषयी. एका आकड्याचे हे उत्तर अपुरे आहे, फसवे आहे, आणि ते खरे मानून लांबच्या वाटेला लागणाऱ्या पोरांच्या जिवावर उठणारे आहे. सणासुदीला हे बोलू नये म्हणाल. पण पोरे गावोगाव गाड्या काढतात ती सणासुदीच्या सुट्टीतच.

मी राहतो त्या मारुंजीच्या शिवाराला आता हिंजवडीची संगणकनगरी टेकली आहे. पण "किती देते?" हा प्रश्न इकडच्या मुलखाला मोटारसायकलीने शिकवलेला नाही. तो म्हशीचा आहे. चाकणचा जनावरांचा बाजार महशूर आहे, आणि आज त्याच चाकणमधून मोटारसायकली बाहेर पडतात, ही दैवाची मौज पाहा. पण म्हैस घेणारा आमचा अडाणी समजला जाणारा शेतकरी विकणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर कधी भाळला नाही. आदल्या वेळची धार चुकवून, कास तटतटवून म्हैस बाजारात उभी करतात, हे त्याला ठाऊक होते. तो स्वतः खाली बसे, दोन वेळची धार काढून पाही, पेंड किती घालता, चारा ओला की सुका, वेत कितवे, हे सारे विचारी आणि मगच रुमालाखाली बोटे धरी. त्याचाच शिकलेला नातू लाख-दोन लाखांची गाडी मात्र जाहिरातीतल्या एका आकड्यावर घेतो!

हा आकडा जन्मतो कुठे? आमच्यापासून फार लांब नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे, १९६६ सालची. अशा संस्थेत गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या पद्धतीने चालवतात आणि खाल्लेले इंधन मोजतात. संस्थेला मी बोल लावीत नाही. सर्व गाड्यांना एकच ताजवा असावा, म्हणजे त्यांची आपसांत तुलना करता येईल, हा तिचा हेतू योग्यच आहे. पण त्या ताजव्यात काय तोलले जाते ते पाहा. कित्येक वर्षे दुचाकीची जी चाचणी चालत असे, तिच्यात १०८ सेकंदांची एक अशा सहा फेऱ्या होत. सर्वांत मोठा वेग ताशी ४२ किलोमीटर, आणि सरासरी वेग २२ च्या आसपास! २०२० पासून भारत स्टेज सहाबरोबर जगभरची नवी पद्धत आली. ती अधिक शहाणी आहे. तरीही रोलरवरच्या गाडीला ताम्हिणीचा चढ नसतो, पावसाळी वारा नसतो, मागे बायको आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या पिशव्या नसतात. तुलनेसाठी काढलेला आकडा जाहिरातवाला वचन म्हणून छापतो, आणि आपण ते वचन उराशी धरून गोव्याची वाट धरतो.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कादंबऱ्या लिहितो आणि पोरांना शिकवतो, इंजिनिअर नव्हे. पण या प्रकरणाला त्रैराशिक आणि थोडे पदार्थविज्ञान पुरते.

पहिली गोष्ट वाऱ्याची. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी साठऐवजी नव्वदने निघालात तर वेग दीडपट झाला, पण वारा सव्वादोन पटींनी छातीवर बसला. तो ढकलायला पेट्रोलच लागते. उंच काच, रुंद पेट्या, मागे बांधलेला बिछाना, या प्रवासी थाटाने वाऱ्याला आणखी रुंद छाती मिळते. तेव्हा "माझी गाडी चाळीस देते" असे कोणी म्हटले की विचारावे, "कोणत्या वेगाला? किती ओझ्याला?" ज्याला याचे उत्तर येत नाही, त्याला गाडीचे ॲव्हरेज ठाऊक नाही, जाहिरात पाठ आहे.

दुसरी गोष्ट सरासरीची. जाताना शंभर किलोमीटर साठच्या दराने आणि येताना तितकेच तीसच्या दराने झाले, तर सरासरी किती? वर्गात विचारा, दहांपैकी नऊ हात वर होतात: पंचेचाळीस! चूक. जाताना १.६७ लिटर, येताना ३.३३, मिळून पाच लिटरांत दोनशे किलोमीटर, म्हणजे चाळीस. हीच चूक मोठी माणसे हिशेबाच्या वहीत करतात, आणि पेट्रोल कोणी चोरले म्हणून शेजारच्या पोराकडे संशयाने पाहतात!

तिसरी गोष्ट याहून गमतीची. हजार किलोमीटरच्या प्रवासात वीसचे पंचवीस झाले तर दहा लिटर वाचतात. पन्नासचे साठ झाले तर? सव्वातीन लिटरांहून थोडे अधिक. म्हणजे कानाला पाचची सुधारणा लहान लागते आणि दहाची मोठी, पण खिशाला उलटे आहे. "लिटरला इतके किलोमीटर" ही मोजणीच डोळ्यांत धूळ टाकणारी आहे. युरोपात "शंभर किलोमीटरला इतके लिटर" असे मोजतात. आपल्या घरातली बाईही तसेच मोजते. ती म्हणते, महिन्याला इतके तेल लागते. आणि सिलिंडर किती दिवस जातो असे विचारले तर एक आकडा सांगून मोकळी होत नाही; "पाहुणे किती, फराळ कोणता, त्यावर आहे" असे म्हणते. चकल्या-अनारशांच्या आठवड्यात सिलिंडर लवकर संपतो हे तिला कळते. नव्वदने पळवल्यावर टाकी लवकर संपते हे तिच्या मुलाला मात्र कळत नाही.

आता पल्ल्याकडे वळतो. हिमाचलात केलाँगजवळ टांडी नावाचे ठिकाण आहे. तिथल्या पंपावरची एक पाटी मोटारसायकलवाल्यांत तीर्थक्षेत्राइतकी प्रसिद्ध झाली: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर! लेहच्या वाटेवरची ही पाटी म्हणजे जाहिरातीच्या आकड्याची खरी परीक्षा होय. समजा टाकी १३ लिटरची आहे. २०१६ च्या अखेरीस बजाजने लांबच्या प्रवासाची म्हणून आणलेल्या डॉमिनार ४०० ची तेवढीच होती. तीसचा दर धरला तर ३९० किलोमीटर. पोर म्हणते, पंचवीस शिल्लक, चला! पण घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दर सत्ताविसावर आला की होतात ३५१. पाटी ३६५ ची. म्हणजे चौदा किलोमीटर गाडी ढकलायची, आणि तीही जिथे चालतानाच धाप लागते अशा उंचीवर. रॉयल एनफील्डने हिमालयनची १५ लिटरची टाकी २०२३ च्या नव्या गाडीत १७ लिटरची केली. ते दोन लिटर उगीच नव्हेत. फुशारकी दराची मारतात, पण पार पोहोचवते ती शिल्लक.

आणि पल्ला नुसता गाडीत नसतो, तो रस्त्यातही असतो. २०२४ च्या जुलैत पुण्यात बजाजने सीएनजीवर चालणारी मोटारसायकल आणली. जगातली अशी पहिली. दोन किलो गॅस, दोन लिटर पेट्रोल, मिळून ३३० किलोमीटर, असा कंपनीचा दावा. रोज कामावर जाणाऱ्याचे तिच्यात कल्याण आहे, हे मी आनंदाने म्हणेन. पण ज्या वाटेवर गॅसचा पंप नाही, तिथे गॅस एकदा संपला की हाती उरतात ते दोन लिटर. त्यांवर जितके जाता येईल तितकाच तुमचा पुढचा पल्ला. कागदावरचे ३३० त्या घाटात तुमच्या मदतीला येत नाहीत.

इंधनाचेही एक बोलले पाहिजे. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. उसाच्या शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात, परदेशी तेल थोडे वाचते. मी त्याचा वैरी नाही. परंतु एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, हे शास्त्र आहे. सरकारच्याच तज्ज्ञ समितीने २०२१ च्या अहवालात लिहिले होते की जुन्या धाटणीच्या दुचाकींचे ॲव्हरेज यामुळे तीन-चार टक्क्यांनी उतरेल. मग हे पंपावर मोठ्या अक्षरांत का लिहू नये? आपण पैसे लिटराचे मोजतो, लिटरातल्या बळाचे नव्हे. दुधात पाणी किती हे विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, तर पेट्रोलमध्ये काय आणि किती हे न विचारता कळण्याचा हक्कही असला पाहिजे.

पण या सगळ्याहून मला जाळते ती गोष्ट वेगळी आहे. तो साठचा आकडा खरा करून दाखवायच्या हट्टापायी पोरे घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. काही महाभाग तर किल्लीच फिरवतात. माझा एक जुना विद्यार्थी ताम्हिणीत असाच बंद गाडीने उतरला. वळणावर इंजिनाचा लगाम नाही, दिवा नाही, नुसत्या ब्रेकवर सारा भार. तो वाचला, पण चार महिने अंथरुणात होता, आणि त्याच्या आईने त्या चार महिन्यांत काय सोसले ते मी पाहिले आहे. वाचवले किती? दहा-वीस रुपयांचे पेट्रोल! तेही वाचले नाही. आजच्या बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंजिनाला पेट्रोल देणे आपोआप बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन धडधडत ठेवायला ते थेंबथेंब जाळतातच. म्हणजे गिअरमध्ये उतरणारा काटकसरीचा आणि न्यूट्रलमध्ये उतरणारा उधळ्या! हे गाडी विकताना कोणी सांगत नाही. हप्ता सांगतात, हेल्मेटवर सूट सांगतात, साठ देते म्हणून सांगतात.

मला उत्तर मिळेल ते ठाऊक आहे. "मास्तर, गिऱ्हाइकाला एकच आकडा समजतो, चार दिले तर गोंधळेल." हा गिऱ्हाइकाचा अपमान आहे. ज्या देशात भाजीवाली तोंडी हिशेब करते आणि शेतकरी बोटांवर म्हशीचा भाव ठरवतो, त्या देशात गाडी घेणाऱ्याला तीन आकडे झेपणार नाहीत? दुसरे म्हणतील, "हिंजवडीच्या कोंडीत कसले आलेय ॲव्हरेज!" बरोबर आहे. उभ्या गाडीचे ॲव्हरेज शून्य. म्हणूनच तर कोंडीतला आकडा वेगळा छापला पाहिजे.

तेव्हा माझे मागणे सरळ आहे. कंपन्यांनी प्रत्येक मोटारसायकलीवर ताशी पन्नास, सत्तर आणि नव्वद या तिन्ही वेगांना, दोन माणसे आणि सामान धरून, शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात ते छापावे. शेजारी शहरातल्या गर्दीचा आकडा द्यावा. पंपावर मिश्रणाचे प्रमाण आणि त्याने पडणारी घट ठळक लिहावी. आणि तरुणांनी एक वही करावी: टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर टिपायचे, पुन्हा काठोकाठ भरायची, लागलेल्या लिटरांनी भागायचे. असे पाच वेळा केले म्हणजे स्वतःच्या गाडीचा खरा दर हाती येतो. त्यातही टाकीचा शेवटचा पाचवा हिस्सा पल्ल्यात धरायचा नाही. तो रात्रीसाठी, पावसासाठी आणि बंद पंपासाठी राखून ठेवायचा. जुन्या गाड्यांना रिझर्व्हचा कॉक होता. तो फिरवला की हाताला कळे की आता शिलकीवर आलो. नव्या गाड्यांत तो बहुधा नाही. त्याची जागा तुमच्या वहीने घ्यावी.

भाऊबीजेला बहिणीकडे जाणाऱ्या भावांनो, निघण्यापूर्वी टाकी भरा, चाकांची हवा पाहा, वेग साठ-सत्तरच्या आत ठेवा आणि उतारावर गिअर सोडू नका. तासभर उशीर झाला तरी चालेल; निरांजन विझले तर बहीण पुन्हा लावील.