पट्टा हातात राहतो, कुत्रं निघून जातं

परवा वसुबारस. हातात जेमतेम एक दिवस आहे, म्हणून आधी विनंती, मग हकिकत. घरात कुत्रं किंवा मांजर असेल तर आजच त्याच्या गळ्यातला पट्टा तपासा. आणि घरात नसेल, तर दिवाळीच्या दिवसांत रस्त्यावर एखादं बिथरलेलं, शेपूट पोटाशी घेऊन पळणारं कुत्रं दिसल्यास कृपा करून त्याच्या मागे धावू नका.

मी काही यातली तज्ज्ञ नाही. गेल्या वर्षी फजिती झाली म्हणून सांगते आहे. आमची चिंगी गावठी, तपकिरी, डाव्या पुढच्या पायात पांढरा मोजा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पूजा आटोपून तिला खाली नेलं. फटाक्यांना अजून वेळ आहे, पाच मिनिटांत वर येऊ, असा हिशेब. तेवढ्यात पार्किंगमध्ये कुणीतरी माळ लावली. चिंगी मागे सरकली, मान खाली घातली आणि पट्टा तिच्या कानांवरून सुळकन निघून माझ्या हातात आला. त्या पट्ट्याला पितळी बिल्ला, बिल्ल्यावर आमचा फोन नंबर कोरलेला. म्हणजे नंबर माझ्याकडे आणि कुत्री सातारा रस्त्याकडे.

पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत, चार नाही. नुसत्या पट्ट्याला दोरी लावून या दिवसांत कुत्र्याला बाहेर काढूच नका. छातीवरून येणारा हार्नेस घाला आणि दोरी दोन्हींत अडकवा. फिरवणं उजेडी उरकून घ्या. संध्याकाळी आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या लावा, पंखा आणि टीव्ही चालू असू द्या. फराळाला माणसं येतात, दार सताड उघडं राहतं, तेही लक्षात असू द्या. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला साधारण ४५,०००पर्यंतचे. आपल्याला जो नुसता धडाका वाटतो, त्यात त्याच्या कानाला आणखी काय काय ऐकू येत असेल, याची आपल्याला कल्पनाच नाही.

त्या रात्री आम्ही वीसेक जण टॉर्च घेऊन तिच्या नावाने ओरडत निघालो. सगळ्यात मोठी चूक ती. कालव्याच्या रस्त्यावर ती दिसली, मी हाक मारली, आणि ती मला बघून पळाली. सहा वर्षं माझ्या पायाशी झोपलेली कुत्री! डॉक्टर नंतर म्हणाले की इतकं घाबरलेलं जनावर धावत येणाऱ्या कुणापासूनही लांबच जातं, मालक असला तरी.

ती सापडली भाऊबीजेच्या पहाटे, तळजाई टेकडीच्या पायथ्याशी, एका बंद हातगाडीखाली. रस्ता झाडणाऱ्या ताईंना दिसली. चहाच्या टपरीवर आम्ही चिकटवलेला कागद त्यांनी आदल्या दिवशी वाचला होता. त्यांनी झाडू खाली ठेवला, हातगाडीपासून दहा पावलांवर तिच्याकडे पाठ करून बसल्या आणि नंबर लावला. मी पोचले तेव्हाही तशाच बसलेल्या. मला म्हणाल्या, ‘ताई, आवाज करू नका, बसा.’ मीही धुळीत बसले. खिशात खारीची पुडी होती, तिचा कागद हळूच चुरगाळला. रोज चारच्या चहाला तिला ऐकू येणारा आवाज. पंचवीस मिनिटं गेली. मग ती पोटावर सरपटत आली आणि माझ्या मांडीखाली डोकं खुपसून बसली. नखं झिजून रक्ताळली होती.

त्या ताईंनी जे केलं, तेच तुम्हीही करा. थांबा, बसा, कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका, फोटो काढा, जागा कळवा. जमलं तर पाणी ठेवा. ‘गळ्यात पट्टा नाही म्हणजे रस्त्यावरचीच,’ असं समजू नका. पहिल्याच रात्री एका गृहस्थांनी चिंगीला पाहिलं होतं आणि हेच समजून ते पुढे गेले. त्यांना दोष देत नाही, मीही तेच केलं असतं. सापडलेलं कुत्रं जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन मायक्रोचिप तपासून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप खांद्यांच्या मधोमध कातडीखाली असते आणि यंत्र फिरवलं की पंधरा आकडी क्रमांक दिसतो. ती ठावठिकाणा सांगत नाही, पण गळ्यातून निसटतही नाही. चिंगीला आता आहे. मात्र फोन नंबर बदलला की नोंदही बदला.

मांजर हरवलं तर लांब जाऊ नका. ते बहुतेक वेळा जवळपासच दडलेलं असतं: जिन्याखाली, गाडीच्या बॉनेटमध्ये, गच्चीवरच्या टाकीमागे. रात्री सामसूम झाल्यावर टॉर्च मारा, डोळे चमकतात.

शोधणाऱ्यांनी फोटोसोबत तारीख, वेळ आणि जागा लिहावी. एक खूण मात्र स्वतःकडे ठेवावी. आम्हाला ‘कुत्री माझ्याकडे आहे, आधी पाच हजार पाठवा’ असा फोन आला होता. पांढरा मोजा कोणत्या पायात, एवढं विचारल्यावर बंद झाला.

फटाके उडवणाऱ्यांशी वाद घालायला आज वेळ नाही. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाच्या फटाक्यांना सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच मनाई केली आहे, तेवढी आठवण करून देते. अभ्यंगस्नानाआधी पहाटे पाचला सुतळी बॉम्ब लावणाऱ्यांना खास. नेपाळात त्याच नरक चतुर्दशीला कुत्र्यांना हार घालून टिळा लावतात. आपण निदान माळ लावण्याआधी गाड्यांखाली वाकून बघू.

आणि एक. चिंगी घरी आहे. तिच्या फोटोचा ‘हरवली आहे’ हा गेल्या वर्षीचा मेसेज अजून फिरतो आहे, गेल्या आठवड्यातही दोन फोन आले. तो पुढे पाठवू नका. हा पाठवा.