समसंबंध : प्रश्न शब्दांचा नव्हे, नात्याचा

शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीतील ‘समसंबंध’ हा प्रश्नप्रकार मराठी मुलांच्या परिचयाचा आहे. पुढे स्पर्धा परीक्षांतही तो त्यांची पाठ सोडत नाही. पहिल्या दोन शब्दांत जे नाते, तेच पुढील दोहोंत असावे, एवढाच त्याचा नियम. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतील मूल असा प्रश्न चुकले की ‘याचे मराठी कच्चे आहे’ असा निकाल घरातच लागतो. हा निकाल पुरावा न तपासता दिलेला असतो, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम पद्धतीविषयी. बाजारातील मार्गदर्शक पुस्तके जोड्यांच्या याद्या देतात : गाय-वासरू, म्हैस-रेडकू, मेंढी-कोकरू. त्यांनी शब्दसंग्रह वाढतो, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र प्रश्न नाते विचारतो. ‘वकील : अशील :: वैद्य : ?’ आणि पर्याय औषध, रुग्ण, रुग्णालय, नाडी. वैद्याच्या जवळचा शब्द शोधणारे मूल औषधावर बोट ठेवील. ‘वकील ज्याच्यासाठी काम करतो तो अशील’ असे पुरे वाक्य मनाशी म्हणणारे मूल रुग्णापाशी थांबेल. न्यायालयात पूर्वनिर्णयाचा आधार घेताना आम्ही वकील निराळे काय करतो? दोन खटल्यांतील माणसे, गावे, रकमा सर्व भिन्न असतात. नाते जुळते की नाही, यावरच सारा युक्तिवाद चालतो.

वाक्य ढोबळ असले तर मात्र फसगत होते. ‘द. रा. बेंद्रे : अरळु मरळु :: जी. ए. कुलकर्णी : ?’ पर्याय निळासावळा, रक्तचंदन, काजळमाया, पिंगळावेळ. ‘लेखक आणि त्याचे पुस्तक’ एवढेच म्हटले तर चारही उत्तरे बरोबर ठरतात. ‘लेखक आणि त्याचे साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले पुस्तक’ म्हणताच केवळ काजळमाया उरते. (जी. एं.नी तो पुरस्कार परत केला. उत्तर त्याने बदलत नाही.) दोघेही धारवाडकर. एकाची मातृभाषा मराठी आणि काव्य कन्नड. दुसरा महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत मराठी कथा लिहिणारा. अशा गावच्या मुलांना नाती ओळखणे जड जावे, याचे आम्हांस नवल वाटते.

जड जाते त्याचे एक कारण शब्दांतच दडलेले आहे. पुढील प्रश्न आम्ही रचला आहे : ‘संधी : अवसर :: संशय : ?’ पर्याय अनुमान, निश्चय, शंका, पुरावा. कन्नड शाळेत शिकणाऱ्या आमच्या मुलाला ‘अवसर’ म्हणजे घाई ठाऊक असते, कारण कन्नडमध्ये तोच अर्थ रूढ आहे. त्यामुळे पहिली जोडीच त्याला विजोड दिसते. ‘अनुमान’ म्हणजे कन्नडमध्ये संशय. तो त्यावर खूण करतो आणि गुण गमावतो. नाते त्याने अचूक ओळखलेले असते. ‘व्यवसाय’ कन्नडमध्ये शेती, ‘प्रपंच’ म्हणजे जग. तत्सम शब्द दोन्ही भाषांत एकाच वेशात वावरतात, म्हणूनच ते परक्या शब्दांहून अधिक फसवे.

घटनेच्या 350अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय व्हावी, यासाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यांवर टाकले. ते कलम 1956च्या सातव्या दुरुस्तीने आले. मुंबई राज्यातील धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तेही त्याच वर्षी. ती सोय ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, त्यांचे मराठी घरापुरते उरते, आणि परीक्षा मात्र ग्रंथांतल्या मराठीची होते.

अमेरिकेतील सॅट परीक्षेतही असे प्रश्न अनेक दशके विचारले जात. ‘धावपटू : मॅरेथॉन’ या जोडीला ‘वल्हेकरी : नौकाशर्यत’ हे उत्तर मागणारा प्रश्न तेथे फार गाजला, ज्या घरांना नौकाशर्यतींचे वारे लागलेले नाही, तेथील मुलांनी तो कसा सोडवावा, असा आक्षेप होता. 2005 साली हा प्रश्नप्रकार त्या परीक्षेतून गेला. आपल्याकडे तो जावा, असे आम्हांस मुळीच वाटत नाही. विचाराला शिस्त लावणारे असे प्रश्न थोडेच असतात. आमचे मागणे एवढेच, की चुकलेल्या उत्तरावर फुली मारण्यापूर्वी मुलाला त्याचे वाक्य विचारावे. वाक्य बरोबर आणि शब्द कन्नड अर्थाचा असेल, तर ती उणीव शब्दकोश उघडून एका संध्याकाळी भरून निघते. वाक्यच नसेल, तर याद्या कितीही घोकल्या तरी उपयोग नाही.

आणि घरी मुलाला प्रश्न सोडवायला देण्याऐवजी रचायला द्यावेत. ‘धारवाड : पेढा :: बेळगाव : ?’ येथून प्रारंभ करावा. कुंदा मिळाला की ‘पैठण : पैठणी :: इलकल : ?’ विचारावे. दोन-चार दिवसांत मुलेच आपल्याला अडवू लागतात.